चुरचुरणारे डोळे आणि कटिंगमधली साखर

डॉक्टरांनी माझी खालची पापणी बोटाने हलकेच दाबली आणि समोरच्या मॉनिटरवर ती मला दिसली, नखाएवढी जागा हातभर झालेली. पापणीच्या कडेला शिलाईच्या टाक्यांसारखी बारीक छिद्रं ओळीने होती. त्यांतून कोमट तुपासारखं पातळ तेल यायला हवं होतं. आलं ते टूथपेस्टसारखं, पांढरट आणि घट्ट.

"मॅडम, हे तेल गोठलंय. अश्रू डोळ्यावर टिकत नाहीत, म्हणून खुपतं."

भांडुपहून परळपर्यंत लोकल आणि मग आठ तास एसीच्या झोताखाली स्क्रीन. चार वर्षं मी याला 'कॉम्प्युटरचा त्रास' म्हणत होते. वर्षाला दोन-तीन रांजणवाड्या, सकाळी चिकटलेल्या पापण्या, दुपारी तीननंतर पुसट होणारी अक्षरं. आणि डोळे कोरडे म्हणावेत तर गाडीच्या दारात उभं राहिलं की पाण्याच्या धारा. कोरड्या डोळ्याला वारा झोंबला की तो एकदम भरपूर पाणी सोडतो, पण वर तेलाचा थर नसल्याने ते पाणी डोळ्यावर न थांबता गालावर येतं. त्याच आठवड्यात रक्ततपासणी झाली. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१. मधुमेहाचा उंबरठा.

चिठ्ठीवर शेक, थेंब आणि पापण्यांची स्वच्छता लिहिली होती. शेवटी एक ओळ होती: 'साखर कमी, मासे-पालेभाज्या जास्त.' ती ओळ मुंबईच्या दिवसात कशी बसवायची, हे शोधण्यात माझं सव्वा वर्ष गेलं. काय जमलं, काय फसलं ते क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. आणि आधीच सांगून ठेवते, थेंब बंद करून पथ्य धरायचं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

आधी आजाराचं नाव लिहून आणा

'डोळ्यांचा त्रास' या एका शब्दात दहा वेगवेगळे आजार लपतात आणि खाण्याचा उपयोग प्रत्येकात वेगळा असतो. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून निदान कागदावर लिहून घ्या. खाजगी दवाखान्याची फी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर आणि जे. जे. या चारही रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. रांगेची तयारी ठेवून सकाळी लवकर जा.

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेला परिणाम, म्हणजे रेटिनोपॅथी, असेल तर खाण्याचं वजन सगळ्यात जास्त. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्याच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. साखर काटेकोर आवरली तर ही पडझड बरीच टळते, हे टाइप १ मधुमेहावरच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्ये आणि टाइप २ वरच्या ब्रिटनमधल्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवून दिलं. इथे शंकेला जागा नाही.

माझ्यासारख्या कोरड्या डोळ्यांत, पापण्यांच्या सुजेत, वारंवार होणाऱ्या रांजणवाड्यांत आहार मदतनीस असतो, मुख्य काम शेक आणि स्वच्छता करतात. पण रांजणवाड्या पुन्हा पुन्हा होत असतील तर साखर तपासूनच घ्या. कधी कधी मधुमेहाचा पहिला निरोप पापणीवरच येतो.

वयोमानाने पडद्याचा मध्यभाग झिजत असेल, म्हणजे मॅक्युलर डीजनरेशन असेल, तर पालेभाज्या आणि मासे खावेत. त्यासाठी ल्युटीन, झिॲझँथिन, जस्त वगैरेंच्या ज्या ठरावीक मात्रेच्या गोळ्या मिळतात, त्यांची २०१३ साली निकाल आलेल्या एरेड्स-२ या अभ्यासात पारख झाली. आजार मधल्या टप्प्यावर असेल तर त्यांचा उपयोग होतो. डोळे चांगले असताना 'असू द्यात' म्हणून त्या घेण्यात अर्थ नाही.

काचबिंदूत पथ्याने डोळ्याचा दाब उतरेल या भरवशावर राहू नका, थेंब चुकवू नका. एक गोष्ट मात्र पाळा. आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी घटाघटा पिण्याची पद्धत आहे. एका दमात लिटरभर पाणी प्यायलं की डोळ्याचा दाब तात्पुरता वाढतो, डॉक्टर पूर्वी याच युक्तीने काचबिंदूची चाचणी घ्यायचे. तेच पाणी तासाभरात थोडं थोडं प्या.

मोतीबिंदू आला असेल तर तो कुठल्याही भाजीने जात नाही, शस्त्रक्रियेनेच जातो. आणि डोळ्याच्या आतली सूज, म्हणजे युव्हायटिस, हा घरी हळद-दूध पीत वाट बघायचा आजार नव्हे.

खाण्याचा डोळ्याशी संबंध येतो कुठून

पाय मुरगळला की लाल होतो, सुजतो, आठवड्यात उतरतो. ही उपयोगी सूज. दुसरी सूज दिसत नाही, मंद आचेवर ठेवलेल्या दुधासारखी ती शरीरात सतत शिजत असते. पोटाभोवतीची चरबी, अपुरी झोप, सिगारेट आणि जेवणानंतर पुन्हा पुन्हा उसळणारी साखर तिला इंधन पुरवतात. पापणीतल्या तेलग्रंथी आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या दोन्ही नाजूक, दोघींनाही ही आच लागते. अँटी-इन्फ्लेमेटरी, म्हणजे ही सूज कमी करणारा, आहार म्हणून जे विकलं जातं, त्यातून परदेशी फळांची आणि पावडरींची नावं काढून टाकली की साधारण आपल्या आजीच्या ताटासारखंच काहीतरी उरतं: भाकरी, उसळ, पालेभाजी, मासे, ताक, शेंगदाण्याऐवजी कधी जवसाची चटणी. आजीच्या ताटात दुपारची बिस्किटं नव्हती, एवढंच.

पहिले पंधरा दिवस फक्त लिहा

इथे माझी पहिली चूक झाली. दुसऱ्याच दिवशी मी भात, पोळी, चहा, साखर सगळं एकदम सोडलं. चौथ्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीत कुर्ल्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि एका बाईंनी उठून जागा दिली. पाचव्या दिवशी वडापाव खाऊन पथ्य संपलं.

म्हणून आधी पंधरा दिवस काहीही बदलू नका. एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात काय खाल्लं-प्यायलं आणि किती वाजता. दुसऱ्यात डोळ्यांना शून्य ते दहापैकी गुण, सकाळी उठल्यावर एकदा आणि संध्याकाळी पाचला एकदा. तिसऱ्यात इतर गोष्टी: झोप किती, एसीखाली किती तास, थेंब किती वेळा, सर्दीची गोळी घेतली का. तिसरा रकाना टाळू नका. सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात आणि दोष उगाच आदल्या रात्रीच्या श्रीखंडाला जातो. पाळी जायच्या वयातल्या बायकांनी तेही डॉक्टरांना सांगावं, त्या बदलांतही डोळे कोरडे होतात.

याच पंधरवड्यात उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी करून घ्या. एचबीए१सी हा गेल्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब असतो. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. मधुमेह निघालाच तर बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी लगेच करा आणि दरवर्षी करत राहा, नजर स्वच्छ असली तरी. पडद्याचं नुकसान सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही. तपासणीच्या दिवशी गाडी चालवत जाऊ नका, थेंबांनी पाच-सहा तास अंधुक दिसतं.

साखर: मिठाई नंतर बघू, आधी चहा

घरात स्वयंपाकाचा छोटा काटा असेल तर हा खेळ करून बघा. मी एका रविवारी केला. दिवसभरात मी जेवढे चमचे साखर चहात घालते तेवढे एका वाटीत घातले. सकाळचा चहा दोन चमचे, अकराचा दोन, चारचा दोन. सपाट चमचा साधारण चार ग्रॅमचा, पण आपण कुठे सपाट घेतो! वाटीत २८ ग्रॅम भरले. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ पासूनचं म्हणणं आहे की वरून घातलेली साखर, मध, गूळ, फळांचा रस मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. माझा अख्खा दिवसाचा कोटा चहातच संपत होता. चहाबरोबरची चार बिस्किटं अजून मोजलीच नव्हती. ग्लुकोजच्या बिस्किटांत १०० ग्रॅममागे पंचवीसेक ग्रॅम साखर असते, पुड्यावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

एकदम बिनसाखरेचा चहा कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. दर पाच दिवसांनी पाव चमचा कमी करा. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला महिनाभर लागतो आणि जीभ कधी बदलली ते कळतही नाही. आता नातेवाइकांकडचा चहा मला बासुंदीसारखा लागतो. आलं किंवा गवती चहा जरा सढळ घाला, साखरेची उणीव कमी जाणवते.

टपरीवर अडचण येते. पातेल्यात साखर आधीच उकळलेली असते, 'साखर कमी' म्हणून उपयोग नाही. चहावाल्याला बिनसाखरेचा वेगळा करायला सांगितला तर सकाळच्या घाईत तो जे बघतो ते मी सहन करू शकत नाही. मी छोटा थर्मास नेते. ऑफिसच्या मशीनमधला चहाही बघून घ्या, बहुतेक ठिकाणी पावडरीतच साखर असते.

सासूबाईंचा आक्षेप पहिल्याच आठवड्यात आला. "अगं, साखर नको तर गूळ घाल. गुळाने काही होत नाही."

"आई, तुमची शुगर गुळाला आणि साखरेला वेगळं ओळखत नाही हो."

त्या दोन दिवस गप्प होत्या. मग शेजारच्या काकूंना हेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगताना मी ऐकलं. गूळ, मध, खडीसाखर, खजुराचं सिरप, रक्तासाठी हे सगळे सख्खे भाऊ. नाचणी सत्त्वाच्या तयार डब्यावरही साखरेची ओळ वाचा, कधी कधी नाचणीच्या आधी साखरेचं नाव असतं. यादीत जो घटक जास्त, तो आधी लिहिलेला असतो.

थंड पेयं आणि पॅकबंद ज्यूस सरळ बंद. ३०० मिलिलिटरच्या साध्या कोल्ड्रिंकमध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर असते. फळ मात्र चावून खा. हापूसच्या दिवसांत मी आमरस-पुरी सोडली आणि जेवणानंतर अर्धा-पाऊण आंबा कापून खाल्ला. पथ्याच्या नावाखाली मे महिन्यात आंबा बंद करणारा माणूस जूनमध्ये पथ्य सोडतो, हे मी घरातच पाहिलं आहे.

ताटातला क्रम

पाव, भात, पोहे, साबुदाणा, मैदा. साखर न घालताही यांची साखरच होते, तीही पटकन. सगळं सोडायची गरज नाही, पण त्यांना एकटं ताटात येऊ देऊ नका.

सगळ्यात स्वस्त युक्ती क्रमाची आहे. जेवायला बसलं की आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, आमटी, मासा किंवा अंडं, आणि शेवटी पोळी-भात. तेच जेवण, तेवढंच, पण जेवणानंतरची साखरेची उसळी बुटकी राहते. टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवर हे करून पाहिलेलं आहे. आपल्याकडे वरणभाताने सुरुवात करायची रीत आहे, त्यामुळे पहिले काही दिवस देवाची आणि सासूबाईंची मनात माफी मागावी लागली.

भात एक वाटी, शिजलेला. कोकणातला उकडा तांदूळ मिळाला तर तो जरा सावकाश पचतो. पोळीऐवजी एक वेळ ज्वारीची भाकरी. सकाळी पोहे करायचे तर निम्मे पोहे आणि निम्मे मोड आलेले मूग किंवा मटार, वर शेंगदाणे, बाजूला एक उकडलेलं अंडं. मुगाचं धिरडं, थालीपीठ-दही, रात्री पिठलं-भाकरी. वडापाव महिन्यातून दोनदा, भूक भागवायला नव्हे तर हौसेला, आणि सोबत कटिंग नाही.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. स्नायू चालताना रक्तातली साखर उचलतात. दुपारी डबा संपवून मी इमारतीला तीन फेऱ्या मारते. पावसाळ्यात पार्किंगमध्ये.

उपवासाचं वेगळं सांगायला हवं, कारण पथ्य मोडतं ते बहुधा एकादशीला. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर बटाटा, बाजूला साखर घातलेलं दही. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी थोड्या भगरीबरोबर, काकडीची कोशिंबीर, ताक. मधुमेहाची औषधं चालू असतील तर कडक उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.

बांगडा, तारली आणि जवस

डोळ्यांसाठी ओमेगा-३ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मीही ऐकलं आणि सहा महिने महागड्या कॅप्सूल घेतल्या. नंतर कळलं की २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'ड्रीम' नावाच्या अमेरिकन अभ्यासात कोरड्या डोळ्यांच्या पाचशेच्या वर रुग्णांना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ किंवा ऑलिव्ह तेलाच्या तशाच दिसणाऱ्या कॅप्सूल दिल्या होत्या. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. म्हणजे कॅप्सूलवर पैसे घालण्याचं फार कारण उरत नाही.

मग मासे का? कारण मासा ताटात आला की त्याच्या जागी काहीतरी तळकट किंवा पिठूळ बाहेर जातं, आणि कॅप्सूलने ते होत नाही. शिवाय मधुमेहींसाठी वेगळा धागा आहे. स्पेनमधल्या भूमध्य आहाराच्या मोठ्या प्रयोगातल्या मधुमेहींची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. आठवड्याला दोन वेळा तेलकट मासे खाल्ल्यावर मिळेल एवढं ओमेगा-३ ज्यांच्या जेवणात होतं, त्यांच्यात नजर धोक्यात आणणारी रेटिनोपॅथी कमी आढळली. ही पाहणी आहे, पक्का पुरावा नव्हे, पण मुंबईत बांगडा खायला एवढं निमित्त पुष्कळ झालं.

पापलेट कितीही मानाचा असला तरी या कामात बांगडा आणि तारली सरस, आणि पैशाने कमी. बाजारात आमची कोळीण मासा उचलून तोंडासमोर धरते, "ताई, डोळा बघ, डोळा!" माशाचा डोळा फुगीर, काचेसारखा लख्ख हवा. खोल गेलेला, दुधाळ झालेला डोळा म्हणजे शिळा माल. कल्ला उघडून आतला लाल रंग बघा. बांगडा रवा लावून तेलात बुडवण्यापेक्षा तिरफळं घालून तिखलं करा, किंवा उडदामेथी. तव्यावर चमचाभर तेलात भाजलेलाही चालतो. सुका बांगडा आणि सुकट रोज नको, मीठ फार.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि मग श्रावण लागतो. तेव्हा, आणि शाकाहारी घरांत बारा महिने, जवसाची चटणी. एक वाटी जवस कोरड्या कढईत मध्यम आचेवर भाजा. दोन मिनिटांत दाणे तडतडून कढईबाहेर उड्या मारायला लागतात, झाकण हाताशी ठेवा. वास खमंग आला की लगेच उतरवा, रंग बदलायची वाट बघितली तर कडू होतात. गार झाल्यावर पाव वाटी भाजलेले तीळ, चार-पाच सुक्या मिरच्या, सहा पाकळ्या लसूण, जिरं आणि मीठ घालून भरड वाटा. जवस अख्खे खाल्ले तर जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून वाटणं आवश्यक. आणि मुंबईच्या दमट हवेत वाटलेले जवस लवकर खवट होतात, तेव्हा आठवड्यापुरतीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. रोज एक मोठा चमचा. जवसातलं ओमेगा-३ माशातल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं असतं, शरीर त्यातलं थोडंच बदलून घेतं, पण चटणीतला चोथाही साखरेच्या बाजूने उपयोगी पडतो.

हिरवं आणि पिवळं

गाजराने चष्मा जात नाही. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तरच गाजर चमत्कार करतं. पडद्याच्या मध्यभागी जे पिवळसर रंगद्रव्य असतं, ते पालक, मेथी, माठ, मका आणि अंड्याच्या बलकातून येतं. ते तेलात विरघळतं, त्यामुळे पालेभाजीला लसणाची फोडणी हवीच. उकडून, पाणी फेकून, तेलाशिवाय भाजी खाणाऱ्यांनी एवढं करून बघावं. दिवसातून एक वाटी शिजलेली पालेभाजी. पावसाळ्यात मिठाच्या पाण्यात घोळवून, दोनदा धुऊन.

इथे एक इशारा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमची गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवू नका, गोळीचा परिणाम बदलतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पालेभाज्या, नारळपाणी, फळं यांचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी भात-पोळी कमी केली आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, धडधड झाली तर त्या क्षणी पथ्य विसरून साखरपाणी प्या. रेटिनोपॅथी आधीच असेल आणि साखर फार चढलेली असेल, तर ती झपाट्याने उतरवण्याआधी पडदा दाखवून घ्या. भराभर साखर उतरली की काही जणांत पडद्याचा त्रास काही काळ वाढतो, तेव्हा डॉक्टरांचं लक्ष हवं.

हळदीबद्दल थोडक्यात: आमटीत, भाजीत मिरपुडीसोबत जाते तेवढी छान. डोळ्यांत मात्र काहीही घालू नका. मध, गुलाबपाणी, एरंडेल, कांद्याचा रस, आईचं दूध, हे सगळं मला वेगवेगळ्या लोकांनी प्रेमाने सुचवलं आहे. बुबुळाला जंतुसंसर्ग झाला तर नजर जाऊ शकते.

शेक पथ्याच्या जोडीला

रोज रात्री स्वच्छ रुमाल गरम पाण्यात भिजवून, पिळून, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि मिटलेल्या पापण्यांवर ठेवा. दोन मिनिटांत तो गार होतो, म्हणून पुन्हा भिजवा. एकूण आठ-दहा मिनिटं. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेकडे हलकेच चोळा. गोठलेलं तूप पातळ करायचंय, बस. मी हे रात्रीच्या बातम्यांच्या वेळी करते, त्यामुळे बातम्या बघाव्या लागत नाहीत. काम करताना एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर जागा किंवा झडप बदला आणि पापण्या मुद्दाम पूर्ण मिटा, स्क्रीनकडे बघताना आपण त्या फार कमी मिटतो.

एक डोळा एकाएकी अंधारला, पडदा सरकल्यासारखी सावली आली, विजा चमकल्यासारख्या दिसल्या किंवा काळे ठिपके एकदम खूप वाढले, डोळा लाल होऊन ठणकायला लागला, दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसली आणि सोबत उलटी झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.

तीन महिन्यांनी

एका वेळी एकच बदल करा आणि त्याला दोन आठवडे द्या. माझा क्रम असा होता: चहा, मग बिस्किटं, मग ताटातला क्रम, मग मासे-जवस. वहीमुळे कळलं की माझ्या डोळ्यांना सगळ्यात मोठा फरक चहा-बिस्किटं आणि शेक यांनी पडला. दुधाबद्दल खूप ऐकलं होतं, तीन आठवडे बंद करून पाहिलं, गुण तेवढेच राहिले, दही-ताक परत सुरू केलं. तुमचं वेगळं निघू शकतं. वर्षभरात रांजणवाडी एकदाच आली, थेंब सहा वेळांवरून दोन वेळांवर आले, एचबीए१सी ५.८. यात शेकाचं श्रेय किती आणि साखरेचं किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. गणपतीत मी दोन उकडीचे मोदक खाल्ले, जेवणाच्या शेवटी, तूप घालून.

तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा, त्याआधी करून फारसं कळत नाही. डॉक्टरांकडे जाताना वही न्या. आणि साखर खूप चढलेली असताना, किंवा औषध नुकतंच सुरू झालेलं असताना, नवा चष्मा करू नका. साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग पाणी धरतं आणि सोडतं, नंबर सरकतो. सासूबाईंची साखर तीनशेच्या वर निघाली तेव्हा नेमकं त्याच आठवड्यात त्यांना अंधुक दिसतं म्हणून आम्ही घाईने एका दुकानातून प्रोग्रेसिव्ह काचा करून घेतल्या. साखर किती आहे, हे तिथे कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. गोळ्या लागू पडल्या, साखर उतरली आणि महिन्याभरात त्या काचांतून त्यांना पेपरचा मथळाही वाचता येईना. डॉक्टर म्हणाले, साखर स्थिर झाल्यावर महिना-दीड महिना थांबून मग नंबर काढायचा असतो. जुनाच चष्मा पुन्हा नाकावर चढला. नवा टीव्हीखालच्या खणात आहे, डबीसकट.